दोन तासांत इजिप्त उरकू नका : मराठी सहल कंपन्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातून इजिप्तच्या सहली काढणाऱ्या सर्व कंपन्यांचे संचालक, कार्यक्रम आखणारी मंडळी आणि टूर मॅनेजर यांस,

सप्रेम नमस्कार.

कैरोला लागून असलेल्या गिझाचे ग्रँड इजिप्शियन म्युझियम १ नोव्हेंबर २०२५ रोजी समारंभपूर्वक खुले झाले आणि तुमच्या जाहिरातींत त्याचे नाव ठळक अक्षरांत येऊ लागले. आनंदच आहे. पण जाहिरातीखालचा दिवसवार कार्यक्रम वाचायला घेतला की तो आनंद टिकत नाही. सकाळी नाश्ता करून गिझाचे पिरॅमिड आणि स्फिंक्स, मग पपायरसचे दुकान, भारतीय रेस्टॉरंटमध्ये जेवण, दुपारी संग्रहालय, परतताना अत्तराचे दुकान आणि रात्री नाईल नदीवर नौकेत जेवण. या धबडग्यात संग्रहालयाच्या वाट्याला दोन तास येतात, फार तर अडीच. आणि कैरोच्या ताहरीर चौकातले जुने संग्रहालय अनेक कार्यक्रमांतून चक्क वगळलेले असते. तुतनखामन या तरुण राजाच्या थडग्यातला खजिना आता तिकडे नाही, एवढे कारण त्याला पुरेसे मानले जाते. ही आखणी मला गप्प बसून मान्य करता येत नाही, म्हणून हे पत्र तुम्हाला लिहिते आहे. तुमच्याबरोबर जायचा बेत करणाऱ्या प्रवाशांनीही ते वाचावे.

मी प्राचीन इजिप्तची अभ्यासक आहे. सहलीला निघालेली माणसे जाण्यापूर्वी काय पाहावे ते विचारतात आणि आल्यावर काय पाहायचे राहिले ते सांगतात. त्यांतली बहुतेक साठी ओलांडलेली, साठवलेल्या पैशांतून एकदाच इजिप्तला जाणारी असतात. चुकलेले पुढच्या खेपेला पाहू, असे त्यांना म्हणता येत नाही. तुमच्यावर विश्वास टाकून ती जातात, तेव्हा त्यांच्या वतीने चार गोष्टी स्पष्ट बोलणे मला भाग आहे.

आधी त्या दोन तासांचा हिशेब मांडू. बस थांबते तिथून दारापर्यंत मोठे मोकळे अंगण ओलांडून यावे लागते. चाळीस जणांची तिकिटे, सामानाची तपासणी आणि स्वच्छतागृह यांत पंचवीस मिनिटे सहज जातात. अंगणातच दुसऱ्या रामसेस राजाचा ओबेलिस्क, म्हणजे निमुळता होत जाणारा उंच दगडी स्तंभ, उंच चौथऱ्यावर असा उभा केला आहे, की खाली उभे राहून मान वर केली तर त्याच्या तळावर कोरलेले राजाचे नाव दिसते. एरवी ओबेलिस्कचा तळ कुणाला दिसायचा प्रश्नच नसतो. घाईतला गट तिथून मान वर न करताच पुढे जातो. आत शिरताच समोर रामसेसचा महाकाय पुतळा, सुमारे ११ मीटर उंच, ८३ टन वजनाचा, ३,२०० वर्षांपूर्वीचा. त्याच्यापुढे सगळ्यांचा एक फोटो, मग प्रत्येक जोडप्याचा वेगळा, अशी आणखी पंधरा-वीस मिनिटे. पुढे भव्य जिना. त्याच्या पायऱ्यांवर राजांचे आणि देवांचे मोठमोठे पुतळे आणि दगडी शवपेट्या मांडल्या आहेत, आणि वर पोहोचले की काचेतून पिरॅमिड दिसतात. तिथे पुन्हा फोटो. घड्याळात सव्वा तास उलटलेला असतो आणि संग्रहालयाचे एकही दालन पाहून झालेले नसते.

उरलेल्या पाऊण तासात तुतनखामनच्या ५,००० हून अधिक वस्तू. त्यातला निम्मा वेळ एकट्या सुवर्ण मुखवट्यापुढच्या गर्दीत जातो. १२ मुख्य दालने राहून जातात. ज्याने सर्वांत मोठा पिरॅमिड बांधवला त्या खुफू राजाच्या नौकेची इमारत वेगळी आहे, तीही राहते. विशेष म्हणजे हे सारे एकाच प्रवेशशुल्कात येते. प्रवाशाने पैसे अख्ख्या संग्रहालयाचे भरलेले असतात आणि त्याच्या हाती प्रवेशदालन, जिना आणि एका मुखवट्याची झलक लागते.

आता तक्रारी एकेक करून मांडते.

पहिली तक्रार तुतनखामनच्या दालनांबद्दल, कारण तुमचा बहुतेक वेळ तिथेच जातो आणि तरीही तिथेच सर्वांत जास्त निसटते. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टरच्या कामगारांना ४ नोव्हेंबर १९२२ रोजी थडग्याची पहिली पायरी सापडली आणि ते थडगे पूर्ण रिकामे करायला जवळपास दहा वर्षे लागली. इतका वेळ का लागला हे समजले, तर दालनातली निम्मी मांडणी आपोआप समजते. राजाचे शव ज्या खोलीत होते तिची लांबी साडेसहा मीटरच्या आत आणि रुंदी चार मीटर. त्या खोलीत सोन्याने मढवलेले लाकडी देवघरासारखे एक आवरण होते, सुमारे पाच मीटर लांब, सव्वातीन मीटर रुंद आणि पावणेतीन मीटर उंच. भिंत आणि आवरण यांच्यामध्ये माणसाला अंग चोरूनच सरकता येई. त्या आवरणात दुसरे, दुसऱ्यात तिसरे, तिसऱ्यात चौथे. चौथ्यात क्वार्टझाइट दगडाची पेटी. तिच्यात एकात एक तीन शवपेट्या, त्यातली सगळ्यांत आतली ११० किलो सोन्याची. तिच्यात ममी आणि ममीच्या चेहऱ्यावर तो मुखवटा. एका राजाभोवती आठ आवरणे आणि मग मुखवटा!

इतक्या अरुंद जागेत ही जडशीळ आवरणे आधी सुटी आणून मग जोडली गेली होती. प्राचीन सुतारांनी कुठला भाग कुठे बसवायचा याच्या खुणा लाकडावर करून ठेवल्या होत्या, तरीही घाईगर्दीत दिशा चुकल्या. आवरणांची दारे पश्चिमेला यायची ती पूर्वेला आली. एका तरुण राजाचा अंत्यविधी किती धावपळीत उरकला असेल, हे त्या लाकडाकडे पाहून कळते. संग्रहालयात ही आवरणे सुटी सुटी मांडावी लागतात. कुणी समजावून दिले नाही तर प्रवाशाला चार सोनेरी पेटारे दिसतात आणि तो पुढे जातो. समजावून द्यायला पाच मिनिटे पुरतात. तुमच्या वेळापत्रकात ती पाच मिनिटेच नाहीत.

तिथेच एक खंजीर आहे. सगळीकडे सोने झळकत असताना त्याचे पाते मात्र लोखंडाचे. इजिप्तमध्ये त्या काळी खनिजापासून लोखंड गाळण्याचे तंत्र रुळलेले नव्हते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्ष-किरण तपासणीत त्या पात्यात निकेल आणि कोबाल्ट यांचे प्रमाण उल्केच्या लोखंडाशी जुळणारे आढळले. आकाशातून पडलेल्या लोखंडाचा खंजीर ममीच्या मांडीशी ठेवलेला होता. मुखवट्याच्या रांगेत उभ्या असलेल्या चाळीस जणांपैकी किती जणांना तो दाखवला जातो?

दुसरी तक्रार क्रमाची. बहुतेक सहली कैरोत उतरतात, दुसऱ्याच दिवशी संग्रहालय उरकतात आणि मग दक्षिणेकडच्या लक्झरला जातात. हे उलटे व्हायला हवे. लक्झरला राजांच्या दरीत तुतनखामनचे थडगे आहे आणि त्याची ममी आजही तिथेच आहे. ते थडगे आधी पाहिले, ती खोली किती लहान आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, की मग कैरोतल्या वस्तूंचा ढीग पाहून माणूस थक्क होतो. आधी वस्तू आणि मग थडगे पाहिले तर थडगे रिकामे वाटते आणि लोक विचारतात, "एवढ्यासाठी वेगळे तिकीट?" सहलीच्या अखेरीस परतीच्या विमानासाठी तुम्ही कैरोला येताच. संग्रहालयाचा दिवस तिथे ठेवायला अडचण कसली आहे?

पिरॅमिड आणि संग्रहालय एकाच दिवशी घालणेही चुकीचे. पिरॅमिडच्या पठारावर ऊन, वाळू आणि चढउतार. आता तिथे आपली बस आत जात नाही, आतल्या विजेच्या बस पकडत फिरावे लागते, त्यात वेळ वाढतो. दुपारी दोन-अडीचला थकलेली माणसे संग्रहालयाच्या गार दालनात शिरली की पहिला बाक शोधतात. त्यात त्यांचा काय दोष? कडक दगडी फरशीवर संथपणे चालणे आणि थांबणे हे रस्त्यावर चालण्यापेक्षा गुडघ्यांना आणि कमरेला जास्त जाचते. दीड तासानंतर डोळे पाहत असतात, पण मन टिपत नसते.

तिसरी तक्रार खुफूच्या नौकेबद्दल. ती न दाखवता गटाला बाहेर काढणे मला सगळ्यांत जास्त खटकते. १९५४ मध्ये मोठ्या पिरॅमिडच्या दक्षिणेला चुनखडीच्या प्रचंड शिळांखाली एक खड्डा सापडला. त्यात १,२२४ सुटे भाग रचून ठेवलेले होते. अहमद युसुफ या प्राचीन वस्तू जतन करणाऱ्या जाणकाराने पुढची दहाहून अधिक वर्षे ते भाग जुळवण्यात घालवली. तयार झाली ती सुमारे ४३ मीटर लांबीची, लेबनॉनच्या देवदार लाकडाची नौका. लोखंडी खिळा तिच्यात एकही नाही. फळ्या दोरीने शिवल्या आहेत. दोरी ओवण्याची भोके फळीच्या आतल्या बाजूने इंग्रजी व्ही आकारात कोरलेली आहेत, ती बाहेरच्या बाजूला निघतच नाहीत. त्यामुळे दोरीला बाहेरून पाणी लागत नाही आणि ती घासलीही जात नाही. नौका पाण्यात गेली की लाकूड फुगते, दोरी आवळते आणि सांधे घट्ट बसतात. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या सुतारांनी केलेले हे काम एक हात अंतरावरून पाहता येते. ऑगस्ट २०२१ मध्ये ही नौका अख्खीच्या अख्खी, न सोडवता, पिरॅमिडशेजारच्या जुन्या इमारतीतून इथे आणली गेली. शेजारच्या दुसऱ्या खड्ड्यातल्या नौकेची जुळणीही इथेच, लोकांसमोर करायला घेतली आहे.

मराठी माणसाला ही नौका दाखवताना सांगण्यासारखे आणखी एक आहे. अजिंठ्याच्या लेण्यातल्या पाचव्या शतकातील चित्रावरून भारतीय नौदलासाठी काथ्याच्या दोरीने शिवलेले एक शिडाचे जहाज गोव्यात बांधले गेले. ते २०२५ मध्ये 'कौंडिण्य' या नावाने नौदलात आले. अजिंठा आपल्याकडचा, बांधणी गोव्याची. खुफूची नौका आणि कौंडिण्य यांच्यात हजारो वर्षांचे अंतर आहे आणि त्यांच्या शिवणीची पद्धतही वेगळी आहे. पण शिवलेले जहाज म्हणजे काय, हे समजायला याहून जवळचा धागा प्रवाशाला मिळणार नाही. तुमच्या टूर मॅनेजरने तो हाती दिला, तर त्या इमारतीत चाळीस मिनिटे कशी गेली हे कुणालाही कळणार नाही.

चौथी तक्रार १२ मुख्य दालनांची. ती सगळी एका दिवसात पाहून होत नाहीत, हे खरे. म्हणून एकही न दाखवणे हा काही उपाय झाला नाही. ही दालने वहीतल्या तक्त्यासारखी मांडली आहेत. एका दिशेने चार कालखंड, दुसऱ्या दिशेने तीन विषय : समाज, राजसत्ता आणि श्रद्धा. त्यामुळे एकच ओळ निवडून चालता येते. तासभर असेल तर फक्त समाजाची चार दालने पाहा. शेती, पाव आणि बिअर, कारागीर, लेखनिक, घरातली भांडीकुंडी, असे इतिहासपूर्व काळापासून ग्रीक-रोमन काळापर्यंतचे साधे जगणे एका रेषेत दिसते. माझे मत विचाराल तर प्रथमच जाणाऱ्यांनी ही ओळ घ्यावी. राजे जिन्यावर आणि तुतनखामनच्या दालनांत भरपूर भेटलेले असतात.

पाचवी तक्रार ताहरीर चौकातल्या संग्रहालयाची. १९०२ पासून ते त्या गुलाबी इमारतीत आहे. तुतनखामनच्या वस्तू गेल्या म्हणजे तिथे काही उरले नाही, असे तुमच्या माहितीपत्रकांवरून वाटते. तिथे नारमेर राजाची कोरीव दगडी पाटी आहे, सुमारे ६४ सेंटिमीटर उंचीची, ५,००० वर्षांपूर्वीची. वरच्या (दक्षिणेकडच्या) आणि खालच्या (उत्तरेकडच्या) इजिप्तचे दोन मुकुट एकाच राजाच्या डोक्यावर, एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसरा, असे तिच्यावर कोरलेले आहेत. राज्य एक होण्याची ती गोष्ट आहे. तिथे गिझाचा दुसरा पिरॅमिड बांधवणाऱ्या खाफ्रे राजाचा गडद दगडातला पुतळा आहे. समोरून पाहिले तर राजा एकटाच बसलेला दिसतो, बाजूला सरकले की त्याच्या डोक्यामागे पंख पसरून बसलेला ससाणा दिसतो. तिथे उत्तर इजिप्तमधल्या तानिस नगरीच्या राजांचे सोन्याचांदीचे ऐवज आहेत. पुसेनेस राजाचा सोन्याचा मुखवटा आहे, ज्याच्यापुढे गर्दी नसते आणि हवा तेवढा वेळ उभे राहता येते.

आणि तिथे खुफू आहे. ज्याचा पिरॅमिड मुळात १४६ मीटर उंच होता, त्या राजाची आजवर सापडलेली एकमेव पूर्ण मूर्ती साडेसात सेंटिमीटरची आहे, हस्तिदंताची. १९०३ मध्ये अबायडोस इथे ती सापडली तेव्हा तिला डोके नव्हते. तिथे उत्खनन करणारे ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांच्या लक्षात आले की तोड ताजी आहे, म्हणजे डोके खोदकामाच्या मातीतच कुठेतरी गेले असणार. त्यांनी काम थांबवून ती माती चाळायला लावली. तीन आठवड्यांनी ते डोके हाती आले. बोटाच्या पेराएवढे! तुमचा प्रवासी अर्धा दिवस खुफूच्या पिरॅमिडभोवती फिरतो आणि खुफूचा चेहरा न पाहता घरी परततो. ताहरीरच्या संग्रहालयात अडीच तास दिले असते, तर तो पाहता आला असता.

सहावी तक्रार ममींची. ३ एप्रिल २०२१ रोजी १८ राजे आणि ४ राण्या अशा २२ ममी मिरवणुकीने ताहरीरहून कैरोच्याच फुस्तात भागातल्या इजिप्शियन संस्कृतीच्या राष्ट्रीय संग्रहालयात नेल्या गेल्या. आजही 'कैरो म्युझियममध्ये ममी पाहा' असे सांगणारी माहितीपत्रके फिरताना दिसतात. प्रवासी ताहरीरला किंवा गिझाला जाऊन राजांच्या ममी शोधतात आणि फसवणूक झाल्यासारखे परततात. ज्या सहलींत फुस्तात आहे, तिथे बहुतेकदा ते 'ऐच्छिक, वेगळे पैसे भरून' असते. ममींचे दालन जमिनीखाली आहे. उजेड मंद असतो, फोटो काढायला मनाई आहे आणि आवाज खाली ठेवायचा असतो. समोर जे आहे ते एका माणसाचे शरीर आहे. गटाने तिथे हसत-खिदळत शिरू नये म्हणून दाराबाहेर दोन मिनिटे समज द्यावी लागते, आणि ती टूर मॅनेजरनेच द्यायला हवी. सेकेनेनरे राजाच्या कवटीवर कुऱ्हाडीच्या घावांच्या खुणा दिसतात. दुसऱ्या रामसेसच्या नाकपुड्यांत काळी मिरी सापडली होती. मिरी तेव्हा दक्षिण भारतातूनच येई. ख्रिस्तपूर्व तेराव्या शतकात आपल्या पश्चिम किनाऱ्यावरचा मसाला इजिप्तच्या राजाच्या शवापर्यंत पोहोचला होता, हे ऐकून कोणता मराठी प्रवासी तिथे थबकणार नाही?

सातवी तक्रार माहितीच्या दर्जाची. चाळीस जणांमागे एक स्थानिक गाइड असतो. तो इंग्रजीत बोलतो, पुढच्या दहा जणांना ऐकू जाते, मग टूर मॅनेजर त्याचा चार वाक्यांत मराठी सारांश सांगतो. त्यात ठरलेल्या चुका पसरतात. पिरॅमिड गुलामांनी बांधले, असे अजून सांगितले जाते. पिरॅमिडजवळच कामगारांची वस्ती आणि १९९० पासून सापडत गेलेली त्यांची थडगी उत्खननात पुढे आली आहेत. राजाच्या इमारतीशेजारी मानाने पुरलेली ही माणसे गुलाम नव्हती, असे अभ्यासकांचे मत आहे. तुतनखामनचा शाप हा दुसरा लाडका विषय. कार्टरच्या उत्खननाचा खर्च उचलणारे लॉर्ड कार्नार्व्हन एप्रिल १९२३ मध्ये डास चावलेली जागा चिघळून वारले, हे खरे. पण ज्याने थडगे उघडले, मुखवटा हाताळला, तो कार्टर १९३९ पर्यंत जगला. थरारासाठी शाप सांगायचा असेल, तर हे दुसरे अर्धेही सांगा.

जेवणाबद्दल थोडक्यात. शाकाहारी जेवणाच्या नावाखाली संग्रहालयाच्या ऐन वेळेत बस शहरातल्या भारतीय रेस्टॉरंटकडे वळवली जाते आणि कैरोच्या रहदारीत जाऊन-येऊन दोन तास खर्ची पडतात. इजिप्तमध्ये कोशारी नावाचा पदार्थ रस्तोरस्ती मिळतो. भात, मसूर, मॅकरोनी, हरभरे, वर टोमॅटोचा आंबट-तिखट रस्सा आणि कुरकुरीत तळलेला कांदा. पूर्ण शाकाहारी आणि पोटभरीचा. ताअमिया म्हणजे बाकल्याच्या डाळीचे वडे, तेही शाकाहारी. कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी सकाळीच डबा बांधून घेता येतो. संग्रहालयाच्या आवारात खाण्याची सोय आहे. भारतीय जेवण रात्री द्या, कुणाची हरकत नसेल.

आणि दुकाने. पपायरस, अत्तर आणि सुती कपडे मिळून कैरोतल्या मुक्कामाचे तीन तास खातात. ज्यांना खरेदी करायची त्यांना जरूर करू द्या. पण तो थांबा सगळ्यांवर लादून त्याची भरपाई संग्रहालयाच्या वेळेतून करू नका.

आता मागण्या.

कैरोतल्या मुक्कामात संग्रहालयांसाठी दीड दिवस राखून ठेवा. एक सकाळ ताहरीरला, त्याच दुपारी फुस्तातला ममी पाहायला. गिझाच्या संग्रहालयाला स्वतंत्र अर्धा दिवस, किमान पाच तास, आणि तोही लक्झरहून परतल्यावर. हुरघाडाच्या समुद्रकिनाऱ्यावरचा अर्धा दिवस कमी झाला तरी चालेल, असे म्हणणारे प्रवासी तुम्हाला पुष्कळ भेटतील. एकदा विचारून तर पाहा.

गिझाचे तिकीट वेळेच्या टप्प्यानुसार आधीच ऑनलाइन काढावे लागते. ते सकाळच्या पहिल्या टप्प्याचे काढा. आत शिरल्यावर फोटो शेवटी, आधी थेट तुतनखामन, कारण दहानंतर मुखवट्यापुढे हलायला जागा राहत नाही. तिथे दीड तास. मग अर्धा तास बसणे, चहा, खाणे. मग मुख्य दालनांची एक ओळ, एक तास. मग नौका, चाळीस मिनिटे. जिना आणि रामसेस परत येताना, तेव्हा हवे तेवढे फोटो. बुधवारी आणि शनिवारी दालने रात्री नऊपर्यंत उघडी असतात. सकाळ जमत नसेल तर त्या दोन दिवसांपैकी एक संध्याकाळ धरा.

वीस जणांमागे एक परवानाधारक गाइड द्या आणि प्रत्येकाच्या कानाला आवाज पोहोचवणारे यंत्र द्या. ही यंत्रे युरोपच्या सहलींत तुम्ही देताच. चालणे जमत नसलेल्यांसाठी चाकाच्या खुर्च्यांची मागणी आधी नोंदवा. जिन्याच्या बाजूने सरकता पट्टा आहे, तो कुठे आहे हे पायऱ्या चढायला लागण्याआधी सांगा. दालने गार असतात, हाताशी शाल ठेवायला सांगा. जुने, पायाला सरावलेले बूट घालायला सांगा.

निघण्यापूर्वीच्या बैठकीत चलन, कपडे आणि बॅगेचे वजन यांवर तासभर बोलले जाते. त्याच बैठकीत आणखी एक तास संग्रहालयांसाठी द्या. हातात मराठीतले चार पानांचे टिपण द्या : कालरेषा, दालनांचा नकाशा आणि चुकवू नयेत अशा पंधरा वस्तू. कालरेषेत आपल्याकडचे खांब रोवा. खुफूचा पिरॅमिड उभा राहत होता त्या सुमारास सिंधू खोऱ्यातली नगरे बहराला येत होती. तुतनखामन गादीवर होता तेव्हा पुणे जिल्ह्यात घोडनदीच्या काठी इनामगावला शेतकऱ्यांची वस्ती होती आणि ते सातू पिकवत होते. डेक्कन कॉलेजने तिथे वर्षानुवर्षे उत्खनन करून हे उजेडात आणले आहे. असे दोन-तीन खांब मिळाले, तर सहावे राजघराणे की अठरावे, या आकड्यांत प्रवासी हरवत नाही.

टूर मॅनेजरना वर्षातून एकदा तरी इजिप्तच्या अभ्यासकाकडून दोन दिवसांचे प्रशिक्षण मिळावे. तीस-बत्तीस वर्षांच्या त्या मुलामुलींच्या अंगावर चाळीस माणसांची औषधे, पासपोर्ट, खोल्या आणि रुसवेफुगवे असतात. त्यांच्याकडून ज्ञानाचीही अपेक्षा करायची, तर ते मिळवायला त्यांना वेळ द्यावा लागेल, आणि त्या दिवसांचा पगारही.

शेवटची मागणी सगळ्यांत सोपी आहे आणि तिला पैसा लागत नाही. दिवसवार कार्यक्रमात प्रत्येक संग्रहालयापुढे तास लिहा. 'ग्रँड इजिप्शियन म्युझियमला भेट' एवढ्यावर थांबू नका. कोणते संग्रहालय, दारातून आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत किती तास, त्यात तुतनखामनची दालने आणि नौका धरली आहे की नाही, ममी कुठे पाहायच्या आणि त्यांचे तिकीट सहलीच्या दरात आहे की वेगळे, हे छापा. दोन कंपन्यांच्या दरांची तुलना करणाऱ्या प्रवाशाला ही तुलनाही करता येऊ द्या. पुढच्या हंगामाची माहितीपत्रके छापायला जाण्याआधी तुमच्यापैकी कोण हे करायला तयार आहे ते जाहीरपणे कळवा. मराठीतले टिपण आणि पंधरा वस्तूंची यादी तयार करून द्यायला मी मोबदला न घेता तयार आहे.

आपली,
प्राचीन इजिप्तची एक अभ्यासक